हाडांचं इंजेक्शन : पहिलं घेण्याआधी पुढचं ठरवा

बचत गटातल्या सगळ्या ताया, मावश्या, आज्या आणि रेडिओ शेजारी ठेवून भाकरी थापणाऱ्या सुनांना आम्हा गट समन्वयिकांचा रामराम.

गेल्या काही बैठकींत वेगवेगळ्या गावांतून एकच प्रश्न आमच्याकडं आला. 'आईची हाडं ठिसूळ झालीत. डॉक्टरांनी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सांगितलंय. महाग आहे. गटातून कर्ज मिळंल का?' कर्जाला हो किंवा नाही म्हणायच्या आधी हे इंजेक्शन आहे तरी काय, ते समजून घ्यायचं आम्ही ठरवलं. डॉक्टरांना विचारलं, नर्सताईंना विचारलं, मिळालं ते वाचलं. आज तेच तुमच्यापुढं ठेवतो. आम्ही डॉक्टर नाही. कुणाला कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार. पण डॉक्टरांपुढं बसल्यावर काय विचारायचं, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडं गुडघा दुखला तरी 'झीज झाली' म्हणतात आणि हाडं ठिसूळ झाली तरी 'झीज झाली'च म्हणतात. हे दोन वेगळे आजार आहेत. गुडघ्यात दोन हाडांच्या मधली गादी झिजते, म्हणून उठताबसता दुखतं. त्याच्यावर हे इंजेक्शन नाही. दुसऱ्या आजारात हाड आतून पोकळ, जाळीदार होत जातं. वाळवी लागलेलं लाकूड वरून चांगलं दिसतं, तसंच हे. या आजाराला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही, सुजत नाही. अंगणात पाय घसरून नुसतं बसायला होतं आणि खुब्याचं हाड मोडतं. हंडा उचलताना पाठीत कळ येते आणि मणका दबलेला असतो. पन्नाशीत साध्या पडण्यानं मनगट मोडलं, उंची दोन बोटं कमी झाली, पाठीला बाक आला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

बाईलाच हे जास्त का होतं? पाळी सुरू असते तोवर अंगातलं इस्ट्रोजेन हाडांची राखण करतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाड झपाट्यानं विरळ होतं. ज्यांची पिशवी लवकर काढली, त्यांनी इथं नीट ऐका. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तरी पाळी जाण्याचा काळ थोडा अलीकडं येऊ शकतो. अंडाशयही काढले असतील तर तो त्याच दिवशी येतो, मग वय पस्तीस का असेना. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारनं नेमलेल्या समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायका त्याच कामाला जातात. तेव्हा ऑपरेशनचा कागद शोधा, अंडाशय काढले की ठेवले ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. आणखी एक. सांध्याच्या दुखण्यावर बाजारात नाव नसलेल्या पुड्या मिळतात. कित्येक पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं सापडतं. दुखणं लगेच थांबतं, पण स्टिरॉईड बरेच दिवस पोटात गेलं की हाडं पोखरतात.

आजार आहे की नाही, हे डेक्सा नावाच्या तपासणीनं कळतं. पलंगावर झोपवून कमरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा फोटो काढल्यासारखं असतं. दुखत नाही, सुई नाही. त्यात 'टी स्कोअर' म्हणून आकडा येतो. तो उणे २.५ किंवा त्याच्याही खाली असला तर ऑस्टिओपोरोसिस. गावात शिबिर भरतं, टाच एका मशिनमध्ये ठेवतात आणि चिठ्ठी देतात, ती तपासणी म्हणजे नुसता अंदाज. तेवढ्या चिठ्ठीवर महागडं औषध सुरू करायचं नाही.

आता इंजेक्शनकडं येऊ. नाव आहे डेनोसुमॅब. जीभ वळत नसेल तर शेवटची दोन अक्षरं तेवढी लक्षात ठेवा, 'मॅब'. औषधाच्या नावात शेवटी मॅब आलं की समजायचं, हे अँटिबॉडीचं औषध आहे. अँटिबॉडी हा शब्द कोरोनात आपण सगळ्यांनी ऐकला. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रतिपिंड म्हणतात. रोगाचा जंतू ओळखून त्याला धरून ठेवणारा हा अंगातला पहारेकरी. शास्त्रज्ञांनी असाच पहारेकरी कारखान्यात तयार केला, पण तो जंतूला धरत नाही. तो आपल्याच अंगातल्या एका निरोपाला धरतो.

कोणता निरोप, ते आपल्या ओळखीच्या गोष्टीतून सांगतो. हाड म्हणजे एकदाच बांधून ठेवलेली भिंत नव्हे. त्यात रोज जुनं पाडायचं आणि नवं भरायचं काम चालू असतं. पाडणाऱ्या पेशींची एक टोळी आणि बांधणाऱ्या पेशींची दुसरी टोळी. पाडणाऱ्या टोळीला कामावर बोलवायला मुकादमाचा सांगावा लागतो. या सांगाव्याला शास्त्रज्ञ रँकल म्हणतात. पाळी गेल्यावर हे सांगावे फार सुटायला लागतात. पाडणारे जास्त, बांधणारे कमी, मग हाड विरळ होणारच. डेनोसुमॅब हा सांगावा वाटेतच धरतं. तो पोचला नाही की पाडणारी टोळी कामावर येत नाही आणि हाडाला सावरायला सवड मिळते.

हे औषध २०१० साली अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं. त्याआधी ६० ते ९० वर्षांच्या ७,८६८ बायकांवर तीन वर्षं त्याची मोठी चाचणी झाली. निम्म्या जणींना औषध दिलं, निम्म्या जणींना नुसत्या पाण्यासारखं इंजेक्शन. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोघींनाही. तीन वर्षांत औषध नसलेल्या शंभर जणींपैकी सुमारे सात जणींचा मणका नव्यानं दबला. औषध घेणाऱ्या शंभरात हा आकडा दोनच्या आसपास राहिला. खुब्याचं हाड मोडणाऱ्या हजारात बारा होत्या, त्या सात झाल्या. म्हणजे औषधात गुण आहे, पण ते घेतलं म्हणजे हाड मोडणारच नाही असं नाही. घरातली ओली फरशी, अंधारी मोरी आणि वाटेतली दोरी यांचा बंदोबस्त करावाच लागतो.

आता आपल्याकडच्या कंपन्याही हे औषध बनवतात. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेली एन्झीन बायोसायन्सेस त्यातलीच एक. मूळ कंपनीच्या औषधाशी मिळतंजुळतं बनवलेल्या या औषधांना बायोसिमिलर म्हणतात. वेगवेगळ्या नावांनी ती मिळतात आणि किमतीत बराच फरक असतो. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणानं विचारायचं, 'यात स्वस्तातलं कोणतं चालंल?' असं विचारण्यात कसली लाज?

मॅबवालं दुसरंही एक औषध आहे, रोमोसोझुमॅब. त्याची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या आणि हॉलंडमधल्या काही कुटुंबांपासून सुरू होते. त्यांची हाडं जन्मापासून फार जाड आणि घट्ट व्हायची. शोध घेतल्यावर कळलं, की बांधणाऱ्या टोळीला 'आता पुरे' म्हणून थांबवणारं स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन त्यांच्यात बनत नव्हतं किंवा फार कमी बनत होतं. मग त्या प्रथिनालाच धरणारी अँटिबॉडी तयार केली. २०१९ मध्ये ती अमेरिकेत मंजूर झाली. महिन्यातून एकदा, अशी एक वर्षच देतात. हाड मोडायचा धोका फार मोठा असलेल्यांसाठी ती आहे. पण गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा किंवा लकव्याचा झटका आलेला असेल तर द्यायची नाही. असा आजार घरात कुणाला होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं.

पुन्हा डेनोसुमॅबकडं. सुई घेण्याआधी चार गोष्टी बघायच्या. पहिली, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. ते कमी असताना हे इंजेक्शन घेतलं तर कॅल्शियम आणखी उतरतं. ओठाभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातापायाला वांब आले, तर दवाखाना गाठायचा. दुसरी, किडनी. डायलिसिसवर असलेल्यांना कॅल्शियम धोकादायक उतरण्याची भीती जास्त, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२४ मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. तिसरी, दात. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. आपल्या कित्येक आज्या मिश्री लावतात, दात हलत असतात. हलणारा, किडलेला दात आधी दाखवून घ्या, काढायचा असेल तर आधी काढा आणि जखम भरू द्या. मिश्री सुटली तर उत्तमच, तंबाखूनं हाडंही कमकुवत होतात. चौथी, हे औषध थंडीत ठेवायचं असतं, दोन ते आठ अंशांत. नगरहून एस.टी.नं आणणार असाल तर दुकानदाराकडून बर्फाची पिशवी लावलेला डबा घ्या. घरी फ्रीजमध्ये खाली ठेवा, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की वाया गेलं. वीज जाणारं गाव असेल तर आणलं त्याच दिवशी टोचून घेतलेलं बरं. दंडाला, मांडीला किंवा पोटाला कातडीखाली देतात, शिकलेली नर्स देऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा.

हे इंजेक्शन मधेच सोडायचं नाही.

बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं, हे आपल्याला माहीत आहे. इथं त्याच्याही पुढचं होतं. सहा महिने सांगावा अडवून धरलेला असतो, पण पाडणारी टोळी कुठं गेलेली नसते, फडाबाहेर बसून असते. औषधाचा असर ओसरला की अडलेले सांगावे एकदम पोचतात आणि सगळी टोळी एकाच वेळी कामावर तुटून पडते. कमावलेलं हाड वर्षा-दोन वर्षांत निघून जातं आणि काही जणींचे एक नाही, दोन-तीन मणके एका मागोमाग दबतात. ठरलेल्या तारखेला महिनाभरापेक्षा जास्त उशीर होऊ द्यायचा नाही, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

आमच्या ओळखीच्या एका गटातल्या मावशींचं असंच झालं. दोन इंजेक्शनं घेतली. पुढच्या इंजेक्शनच्या वेळी घर ऊसतोडीला निघालं, नातवंडं सांभाळायला मावशीही कोप्यांवर गेल्या. 'आता बरं वाटतंय, आल्यावर बघू,' असं घरात ठरलं. तारीख उलटून सहा महिने गेले. परत आल्यावर एक दिवस पिठाचा डबा खाली ठेवताना पाठीत कळ आली. फोटोत दोन मणके दबलेले. पहिली सुई दिली तेव्हा ती सोडली तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोष मावशींचा नाही, सुनेचाही नाही. पण माहिती नसल्याची किंमत मावशींच्या पाठीनं मोजली. आता त्या पट्टा लावून बसतात आणि बैठकीला रिक्षानं येतात.

म्हणून पहिलं इंजेक्शन घेण्याआधी पुढची दोन आणि शेवटचं कसं, हे विचारायचं. डेनोसुमॅब थांबवताच येत नाही असं नाही. पण थांबवायचं तर त्याच्या जागी लगेच दुसरं औषध लावावं लागतं. ते बहुतेक वेळा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन असतं किंवा ॲलेन्ड्रोनेटची गोळी. ही औषधं हाडात मुरून राहतात, त्यामुळं पाडणारी टोळी एकदम सुटत नाही. आणि हीच दोन औषधं अनेक जणींना सुरुवातीलाच चालतात. गोळी आठवड्यातून एकदा, सलाईन वर्षातून एकदा. गोळी सकाळी उपाशीपोटी भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननळी भाजते. सलाईनला किडनी बरी असावी लागते. एकूण खर्चही डेनोसुमॅबपेक्षा साधारण कमी. तेव्हा डॉक्टरांना विचारा, 'मला गोळी किंवा सलाईन चालंल का, नसंल तर का नाही?' किडनी कमजोर, गोळी सोसत नाही, धोका फार मोठा, अशी कारणं असतात. कारण ऐकून मग ठरवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे, की आम्ही दिवाळीच्या सुमारास निघतो ते पाडव्याच्या आसपास परततो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि इंजेक्शनही सहा महिन्यांचं. निघायच्या आधल्या आठवड्यात एक सुई आणि आल्या आल्या दुसरी, असा मेळ बसू शकतो. पण पट्टा लांबला तर तारीख चुकते. अशा घराला वर्षातून एकदाचं सलाईन जास्त सोयीचं पडेल का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. इंजेक्शनच ठरलं, तर औषधाचं नाव आणि पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद पिशवीत ठेवा. कारखान्याजवळच्या दवाखान्यात तो दाखवता येतो.

आता कर्जाचं. बैठकीत बरीच चर्चा झाली. एक ताई म्हणाल्या, 'आजारपणाला नाही म्हणायचं नाही.' दुसऱ्या म्हणाल्या, 'एका सुईला देऊ, पुढच्या सुईचं काय?' दोघींचं खरं होतं. शेवटी आमच्या गटांनी असं ठरवलं. एका सुईपुरतं कर्ज द्यायचं नाही. डॉक्टरांकडून किती वर्षांचा बेत आहे ते लिहून आणायचं. पाच वर्षं म्हणजे दहा इंजेक्शनं, त्याच्या जोडीला तपासण्या आणि शेवटी थांबवायच्या औषधाचा खर्च. हा सगळा हिशेब मांडून घरातल्या कमावत्या माणसाला बैठकीला बोलवायचं. मेळ बसत असेल तर सहा-सहा महिन्यांनी हप्त्यानं कर्ज. बसत नसेल तर आधीच डॉक्टरांकडं परत जाऊन दुसरं औषध मागायचं. अर्ध्यात सुटणाऱ्या महागड्या औषधापेक्षा शेवटपर्यंत पेलणारं स्वस्त औषध बरं. मोठ्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, सरकारी योजनेतून काय मिळतं ते त्यांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि तारखेचं काम गटानं घ्यायचं. बचतीच्या रजिस्टरमध्ये मागच्या पानावर इंजेक्शन घेणाऱ्या बाईचं नाव, घेतल्याची तारीख, पुढची तारीख. अर्थात तिची हरकत नसेल तरच. बैठकीत हप्ते वाचतो तशी ती तारीख महिनाभर आधी वाचायची. बचतीचा हप्ता आपण कधी चुकवत नाही, मग हा कसा चुकंल?

औषधाच्या जोडीला ताट बघा. आपला जिल्हा दुधाचा. पहाटे उठून धार काढायची बाईनं आणि कॅन भरून जायचा डेअरीला. घरात चहापुरतं उरतं. दूध विकणाऱ्या बाईनं कपभर स्वतःसाठी काढून ठेवावं, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. अकोल्याकडची नाचणी, तीळ, राजगिरा, हुलगे हे आपल्या मातीतलं कॅल्शियम. ऊन आहे, पण डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलेलं असतं. थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात बसा. ड जीवनसत्त्वाची पावडर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच घ्यायची.

काही जणी म्हणतील, एवढं अवघड आपल्याला कसं कळायचं? त्यांना जामखेडची आठवण देतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या बायका गावच्या आरोग्यसेविका झाल्या, बाळंतपणं केली, कुपोषण ओळखलं, गावाला शिकवलं. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या. त्यांना जमलं, आपल्यालाही जमंल.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. घरात, शेजारी कुणी हाडांसाठी सहा महिन्यांचं इंजेक्शन घेत असेल, तर तिला शेवटची तारीख विचारा. सहा महिने होत आले असतील तर आजच दवाखान्यात कळवा. तारीख उलटून गेली असेल तर रागावू नका, घाबरवू नका, पण उद्यावर टाकू नका. तिला घेऊन डॉक्टरांकडं जा. कागदपत्रं सापडत नसतील तर आशाताईंची मदत घ्या.

पुढच्या भागात पडण्यापासून जपायला घरात काय बदल करायचे, ते सांगू. तोवर जपून चाला, कपभर दूध प्या. नमस्कार.